डुगडुगणारी जाळी

अमेरिकेत परसात ठेवायचे कोळशाचे उभे स्मोकर पिंपासारखे असतात; काही तर ५५ गॅलनच्या पिंपापासूनच घरी बनवलेले. तळाशी निखारे, वर जाळी, तिच्यावर पाच-सहा किलोचं ब्रिस्केट, म्हणजे गोमांसाचा छातीकडचा तुकडा, आणि ११०-१२० अंश सेल्सिअसला दहा-बारा तास धुरी. मधेच जाळी कलली, तर मांस थेट निखाऱ्यांत.

तापून फुगल्यामुळे जाळी हलते, हे काही पटत नाही. ५५ सेंटिमीटरची पोलादी जाळी शंभर अंशांनी तापली, तरी पाऊण मिलिमीटरसुद्धा वाढत नाही. दोष बहुधा आधारांत असतो. चारांपैकी एक खाली-वर असला की जाळी डुगडुगते. तीन आधारांवर ती डुगडुगत नाही, पण वजन त्यांच्या त्रिकोणाबाहेर गेलं की उलटते. मोठ्या मांसासाठी म्हणून चारच बरे, फक्त नीट जुळवलेले.

आधार म्हणून स्टेनलेसचे लांब बोल्ट बसवावेत. भोकांच्या खुणा पिंपाच्या वरच्या काठापासून मोजाव्यात. परसातली जमीन सपाट असतेच कुठे? बोल्टचं डोकं बाहेर, नट आत, आणि टोक चारेक सेंटिमीटर आत आलेलं. जस्ताचा मुलामा दिलेले बोल्ट स्वस्त मिळतात, पण विस्तवाजवळ फार तापले तर त्यांचा धूर अपायकारक. ते नकोतच.

एवढं करूनही जाळी एका बाजूने निसटत असेल, तर पिंपाचा व्यास आडवा-उभा मोजावा. दोन्हींत फरक आढळला, तर पिंप चेपलं आहे. पातळ पत्रा असेल तर जास्त भरलेल्या व्यासाच्या दोन्ही टोकांना हातांनी दाब देऊन ते पुन्हा गोल करता येतं.