पहिल्या हंगामाचा हिशेब

पावसाने माती वाहून जाते हे सोलापूर-नगरच्या कोरडवाहू शेतकऱ्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. ओघळीच्या तोंडाशी दगड रचून गाळ अडवणं, उतारावर ताल घालणं हे तो बापजाद्यांपासून करत आला होता. तरीही 1942 साली मुंबई प्रांतात जमीन सुधारणा योजनांचा कायदा आला, पुढे दुष्काळी पट्ट्यात समपातळी बांध घातले जाऊ लागले आणि पुष्कळ ठिकाणी शेतकऱ्यांनीच ते नांगरून मोडले. याला अडाणीपणा म्हणून मोकळं होणं सोपं होतं. पण अभियंत्याचा बांध समपातळीच्या रेषेने वळत जायचा आणि शेताच्या हद्दी सरळ असायच्या. मग एका शेताच्या वेड्यावाकड्या पाचरी व्हायच्या, कोपऱ्यात औत वळायचं नाही, पाभरीचं तास मधेच तुटायचं. बांधाखाली जमीन जायची ती वेगळीच. काळ्या रानात तर बांधाच्या पोटाशी पाणी तुंबून पीक पिवळं पडायचं. जॉन केर आणि एन. के. संघी यांनी 1990च्या दशकाच्या सुरुवातीला केलेल्या अभ्यासातही हेच दिसलं: शेतकऱ्याला बांध हवा होता, पण स्वतःच्या हद्दीवर.

अर्थात हद्दीवरचा बांधही सुखाचा नसतो. तो दोघांचा असतो आणि दोघेही तो कोरतात. बांधाच्या भांडणांपायी तहसील आणि कोर्टात जेवढा पैसा गेला, तेवढ्यात निम्म्या महाराष्ट्राची बांधबंदिस्ती झाली असती! त्यात जमिनीचे तुकडे होत चालले आहेत. कृषी गणनेनुसार 1970-71मध्ये राज्यातलं सरासरी वहितीक्षेत्र 4.28 हेक्टर होतं, 2015-16मध्ये ते 1.34 हेक्टरवर आलं. एवढ्याशा रानात बांधासाठी दोन हात जागा सोडणं जिवावर येतं.

म्हणून लहान शेतकरी जमीन सांभाळणारी पद्धत कधी उचलतो, याचं उत्तर बहुतेक वेळा मातीत सापडत नाही. पहिल्याच हंगामात काय वाचलं, हे तो आधी बघतो.

रायगडमध्ये नेरळजवळ चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेली भाताची एसआरटी (सगुणा राइस टेक्निक) पद्धत घ्या. एकदा गादीवाफे करायचे, मग चिखलणी नाही, रोपवाटिका नाही, लावणी नाही. लोखंडी साचा वाफ्यावर दाबायचा, पडलेल्या भोकांत दाणे टाकायचे. कापणी झाली की धसकटं उपटायची नाहीत. मुळं जागीच कुजतात, वाफ्यात गांडुळं दिसू लागतात, सेंद्रिय कर्ब वाढतो. पण कर्बाच्या ओढीने कुणी या पद्धतीकडे वळत नाही. गावातली पोरं कारखान्यांत कामाला जातात, भर पावसात लावणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही. कंबर वाचते आणि पैसा वाचतो, हे खरं आकर्षण. तणासाठी तणनाशक मारावं लागतं, त्यामुळे सेंद्रियवाले नाक मुरडतात. मला ती नाराजी समजते. मात्र चिखलणी करणाऱ्या हातांची अडचण त्यांच्यापैकी फार थोड्यांनी सोडवली आहे.

रुंद वरंबा-सरीची कथा उलट्या बाजूने तेच सांगते. काळ्या जमिनीसाठी इक्रिसॅट या संशोधन संस्थेने 1970च्या दशकातच ही पद्धत बसवली होती. पाऊस जास्त झाला तर सरीतून निचरा होतो, उघडीप पडली तर वरंब्यात ओल टिकते. पण तिच्यासाठी लागणारं बैलांचं अवजार महाग होतं आणि पद्धत रेंगाळली. पुढे ट्रॅक्टरचं बीबीएफ, म्हणजे रुंद वरंबा-सरीचं, पेरणीयंत्र आलं, तेव्हा विदर्भ-मराठवाड्यात सोयाबीनसोबत ती शेतात दिसू लागली. आता प्रश्न एवढाच उरतो, की यंत्र भाड्याने मिळतं का आणि वाफसा आहे त्या चार दिवसांत आपला नंबर लागतो का.

जमीन बटाईची असेल तर पहिल्या हंगामाचा हा हिशेबही पुरत नाही. कूळ लागेल या धास्तीने मालक कागद करत नाही, वर्षावर्षाच्या तोंडी बोलीवर रान देतो. शेणखताचा गुण दोन-तीन वर्षं पुरतो. पुढल्या साली रान आपल्याकडे असेल याची खात्री नसलेला माणूस गाडीभर खत कशाला टाकेल? आणि घरात निंदण-खुरपण बाईने करायचं, पण सातबारा नवऱ्याच्या नावावर, म्हणजे अनुदानाचा अर्जही त्याचाच.

एकट्याच्या हिशेबात न बसणाऱ्या गोष्टी गावाच्या हिशेबात बसवता येतात का? माथ्यावर चर खणले की पाणी वाढतं ते खालच्या विहिरींना. चराईबंदीचा चटका मात्र बसतो शेळ्या-मेंढ्यावाल्याला. 1972च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यात नायगावपासून पाणी पंचायत उभी केली, ती नेमकी या दुखण्यावर बोट ठेवून. पाणी जमिनीच्या मापाने न देता घरातल्या माणसांच्या संख्येवर: माणशी अर्धा एकर भिजेल इतकं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही वाटा, उसाला बंदी. वाटा मिळाला तर माणूस राखण करतो, एवढं साधं गणित त्यात होतं. हिवरे बाजार या गावानेही शेतीसाठी बोअर घ्यायला मनाई केली आणि पावसाचा ताळेबंद मांडून ग्रामसभेत पिकं ठरवली.

असा नियम नसेल तर उत्साहाने उचललेली योजनाही उलटते. 2016मध्ये 'मागेल त्याला शेततळे' आली ती पावसाचं पाणी साठवण्यासाठी. नाशिक, नगर, जालन्याच्या फळबागायतदारांनी शेततळ्यांत प्लास्टिकचा कागद अंथरला आणि अनेकांनी विहिरी-बोअरचं पाणी उपसून त्यांत भरलं. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर द्राक्षबाग जगवायची तर त्या शेतकऱ्याचा हिशेब चुकीचा म्हणता येत नाही. पण त्याच उन्हाळ्यात शेजाऱ्याच्या विहिरीचा तळ दिसतो, आणि पुढच्या वर्षी तो शेजारीही शेततळ्याचा अर्ज भरतो.