अनंताच्या सरहद्दीवरची साक्ष

पनवेलहून गोव्याच्या हमरस्त्यास लागलेल्या प्रवाशास कर्नाळ्याचा सुळका, आकाशात उभारलेल्या अंगठ्यासारखा, फार दुरून स्पष्ट दिसतो. परंतु तोच प्रवासी अभयारण्यातून पायथ्याच्या झाडीत शिरला की सुळका पानांआड जातो, आणि ज्याच्या आपण इतके निकट आलो त्याची आकृतीच दृष्टीस पडेनाशी होते. बैजिक वक्रांच्या भूमितीतही, वक्राच्या अंगचा दोष पारखण्यास कित्येकदा थेट अनंतापर्यंत जावे लागते.

या भूमितीत प्रत्येक दिशेस एक अनंतस्थ बिंदू बहाल केलेला असून त्या दिशेच्या सर्व समांतर रेषा तेथे भेटतात, आणि हे सारे बिंदू मिळून प्रतलाची सरहद्द, म्हणजे अनंतस्थ रेषा, सिद्ध होते. अपास्त ही सरहद्द दोन ठिकाणी ओलांडते. अन्वस्ताच्या भुजा मात्र, कितीही फाकलेल्या दिसल्या तरी, अखेर एकाच बिंदूत मिळून तिला केवळ स्पर्श करतात.

अनंतावर असे एकच स्थान असणाऱ्या वक्रांचा सखोल अभ्यास श्रीराम शंकर अभ्यंकर यांनी केला. १९३० साली उज्जैनला जन्मलेले, हार्वर्डमध्ये गणिती झारिस्कींपाशी शिकलेले आणि अमेरिकेत पर्ड्यू विद्यापीठात अध्यापन करीत असतानाच १९७६ साली पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान स्थापणारे हे गणिती. मो या गणितज्ञासह त्यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेला, अशाच वक्रांविषयीचा सिद्धांत असा: क्ष आणि य हे दोन्ही निर्देशक ट या एकाच चलाच्या बहुपदी असून, त्यांच्या केवळ बेरीज-वजाबाकी-गुणाकाराने ट परत मिळत असेल, तर एका बहुपदीच्या घाताने दुसरीच्या घातास निःशेष भाग जातो.

क्ष म्हणजे ट चा वर्ग आणि य म्हणजे ट चा घन घ्या. अनंताकडे धावताना कोणत्या निर्देशकाची गती किती, हे घातच ठरवतात; येथे ते २ आणि ३, म्हणजे भाग जात नाही, आणि या दाखल्यावरूनच आतील वैगुण्याची खात्री पटते. खरोखरच आरंभबिंदूशी वक्रास काट्यासारखे टोक आहे, आणि ट मिळवण्यास य ला क्ष ने भागू गेल्यास तेथेच शून्यास शून्याने भागण्याचा प्रसंग येतो.

आता क्ष तोच ठेवून य मध्ये ट चा चतुर्थ घात आणि ट यांची बेरीज घ्या. घात २ आणि ४, भाग जातो. य मधून क्ष चा वर्ग वजा करताच ट हाती येतो, आणि वाकडातिकडा भासणारा वक्र मुळात एक सरळ रेषाच होता, हे उघड होते. शालेय बीजगणिताचे सामर्थ्य अभ्यंकर जन्मभर आग्रहाने सांगत राहिले, त्याची थोरवी पाटीवर मावणाऱ्या या एका वजाबाकीत साठवलेली आहे.