लाईट आली, पण कॉम्प्रेसर गेला! मोठ्या एसीला विजेच्या गडबडीपासून कसं वाचवायचं?

एप्रिल-मे महिन्यात लाईट गेली की हॉलचा किंवा हॉटेलचा मालक एकच विचारतो, "लाईट कधी येणार?" एसीचा मेकॅनिक मात्र मनातल्या मनात वेगळाच विचार करत असतो, "लाईट येणार कशी?" तिन्ही फेज एकदम येतील का? व्होल्टेज पुरेसं असेल का? पुन्हा दोन सेकंदांत जाईल का? मोठ्या एसीचं नुकसान लाईट नसताना होत नाही. ते होतं लाईट जाताना, येताना आणि अर्धवट असताना.

घरातल्या दीड टनाच्या एसीला आपण स्टॅबिलायझर लावतो आणि निर्धास्त होतो. दुकान, हॉस्पिटल, मंगल कार्यालय किंवा ऑफिसमधल्या ८.५ किंवा ११ टनाच्या डक्टेबल एसीचं प्रकरण वेगळं आहे. हे एसी थ्री फेजवर, म्हणजे ४१५ व्होल्टच्या पुरवठ्यावर चालतात. तीन फेज आले की बिघडण्याच्या वाटाही वाढतात. त्या एकेक करून समजून घेऊ, म्हणजे कशासाठी पैसे खर्च करायचे आणि कशासाठी नाही हे आपोआप कळेल.

१. व्होल्टेज कमी होणं

मोटरची फिरवण्याची ताकद, म्हणजे टॉर्क, व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. ४१५ च्या जागी ३५० व्होल्ट मिळाले तर व्होल्टेज १६ टक्क्यांनीच कमी झालं असं वाटतं, पण टॉर्क उरतो सुमारे ७१ टक्के. कॉम्प्रेसरचं काम मात्र तेवढंच असतं. मग तो जास्त करंट ओढतो, वाइंडिंग तापतं आणि इन्सुलेशन कमजोर होत जातं. मोटरचं तापमान मर्यादेपेक्षा १० अंश सेल्सिअसनं जास्त राहिलं की इन्सुलेशनचं आयुष्य साधारण निम्म्यावर येतं, असा या क्षेत्रातला जुना ठोकताळा आहे. म्हणजे कमी व्होल्टेजमुळे एसी आज जळत नाही. दहा वर्षं चालायचा तो पाच वर्षांत जातो, आणि दोष मात्र कंपनीला दिला जातो.

२. तीन फेजमधला असमतोल

हा सगळ्यात लबाड शत्रू आहे, कारण एसी चालू असतो, हवाही थंड येत असते. समजा, तीन फेजमध्ये मोजल्यावर ४२०, ४१२ आणि ३९८ व्होल्ट मिळाले. आकडे बघून कोणी घाबरणार नाही. आता हिशोब करा. सरासरी आली ४१०. सरासरीपासून सगळ्यात लांबचा आकडा ३९८, म्हणजे फरक १२ चा. १२ भागिले ४१०, म्हणजे असमतोल सुमारे २.९ टक्के.

ढोबळ नियम असा की असमतोलाच्या टक्क्यांचा वर्ग करून दोननं गुणलं की मोटरचं तापणं किती टक्क्यांनी वाढेल ते कळतं. इथे ते सुमारे १७ टक्के येतं. करंटमधला असमतोल तर व्होल्टेजच्या असमतोलाच्या सहा ते दहा पट होऊ शकतो. म्हणूनच कॉम्प्रेसर बनवणारे बहुधा २ टक्क्यांपेक्षा जास्त असमतोल चालवून घेत नाहीत.

असमतोल नेहमी बाहेरूनच येतो असं नाही. बऱ्याचदा आपल्याच इमारतीत सगळे दिवे, गिझर आणि छोटे एसी एकाच फेजवर टाकलेले असतात. वायरमनला सांगून लोड तिन्ही फेजवर सारखा वाटून घेतला तर एक रुपयाचं यंत्र न घेता प्रश्न सुटू शकतो.

३. एक फेज जाणं

डीपीवरचा एक फ्यूज उडतो किंवा पॅनेलमधला एक लग सैल होतो, आणि थ्री फेज मोटर दोनच फेजवर चालत राहते. उरलेल्या फेजमधला करंट साधारण पावणेदोन पट होतो. बंद असलेली मोटर अशा वेळी सुरूच होत नाही, नुसती गुणगुणते आणि तापते.

तुम्ही म्हणाल, फेज गेला तर एसी आपोआप बंद नाही का होत? कधी होतो, कधी नाही. कॉम्प्रेसरला वीज देणाऱ्या कॉन्टॅक्टरची कॉइल साधारणपणे एकाच फेजवर आणि न्यूट्रलवर चालते. समजा ती आर फेजवर आहे. आर गेला तर कॉन्टॅक्टर सुटतो, कॉम्प्रेसर वाचतो. वाय किंवा बी गेला तर कॉइलला काही कळतच नाही. ती कॉन्टॅक्टर धरून ठेवते आणि कॉम्प्रेसर दोन फेजवर भाजत राहतो.

४. फेज उलटे होणं

डीपी बदलला, केबल नव्यानं जोडली किंवा जनरेटरची वायर अदलाबदल झाली की फेजचा क्रम उलटतो आणि मोटर उलटी फिरते. मोठ्या एसीत सर्रास असणारा स्क्रोल कॉम्प्रेसर एकाच दिशेनं फिरण्यासाठी बनवलेला असतो. उलटा फिरला तर मोठा खरखरीत आवाज येतो, करंट नेहमीपेक्षा कमी दिसतो आणि थंडावा अजिबात मिळत नाही. काही मिनिटांत आतला प्रोटेक्टर तो बंद करतो. थंड झाला की पुन्हा चालू, पुन्हा बंद. असं चालू ठेवलं तर कॉम्प्रेसर जातोच. यावर उपाय म्हणजे कोणत्याही दोन फेजच्या वायरी अदलाबदल करणं.

५. लाईटची ये-जा

चालू एसीची लाईट गेली आणि तीन सेकंदांत परत आली, तर कॉम्प्रेसरच्या एका बाजूला उच्च दाब आणि दुसऱ्या बाजूला कमी दाब तसाच असतो. या दाबाविरुद्ध सुरू होताना मोटर अडकू शकते. अडकलेली मोटर नेहमीच्या सहा-सात पट करंट ओढते. शिवाय लाईट फडफडली की कॉन्टॅक्टरही फडफडतो, त्याच्या संपर्कांवर ठिणग्या पडतात आणि एखादा संपर्क जळतो किंवा चिकटून बसतो. जळाला तर पुन्हा वरचा एक फेज जाण्याचा प्रकार, तोही तुमच्या स्वतःच्या पॅनेलमध्ये!

६. न्यूट्रल तुटणं

न्यूट्रल सैल झाला किंवा तुटला की एका फेजवर दीडशे व्होल्ट आणि दुसऱ्यावर तीनशेच्या पुढे, असं काहीही मिळू शकतं. कॉम्प्रेसर थ्री फेजवर असल्यानं तो यातून वाचू शकतो, पण २३० व्होल्टवर चालणारे कंट्रोल बोर्ड आणि इनडोअर युनिट जळतात. एकाच दिवशी ऑफिसमधले टीव्ही, संगणक आणि एसीचे बोर्ड गेले असतील, तर सगळ्यात आधी न्यूट्रल तपासा.

७. सर्ज

वीज पडल्यावर किंवा जवळचं मोठं यंत्र चालू-बंद झाल्यावर अगदी क्षणभरासाठी हजारो व्होल्टचा झटका येऊ शकतो. गच्चीवरच्या आउटडोअर युनिटला याचा धोका जास्त. इन्व्हर्टर आणि व्हीआरएफ एसीत इलेक्ट्रॉनिक्स भरपूर असल्यानं तिथे नुकसानही मोठं होतं.

मग कशासाठी काय लावायचं?

इथेच लोकांची फसगत होते. "मोठा स्टॅबिलायझर लावलाय, आता काळजी नाही," असं म्हणतात. एकच औषध सगळ्या रोगांवर चालत नाही.

• सर्वो स्टॅबिलायझर: हळूहळू कमी-जास्त होणारं व्होल्टेज सुधारतो. असमतोल असेल तर प्रत्येक फेज स्वतंत्रपणे सुधारणाराच घ्या. गेलेला फेज तो परत आणू शकत नाही, उलटा क्रम सुलटा करू शकत नाही, आणि सर्ज त्याच्या वेगापेक्षा फार जलद असतो.

• सिंगल फेज प्रिव्हेंटर किंवा फेज मॉनिटर: काही सुधारत नाही, पण गडबड दिसली की कॉन्टॅक्टर सोडून एसी बंद करतो. फेज जाणं, फेज उलटणं, असमतोल, कमी-जास्त व्होल्टेज हे सगळं बघणारा घ्या.

• टाइम डिले: लाईट आल्यावर कॉम्प्रेसर लगेच सुरू होऊ देत नाही. ३ ते ५ मिनिटं थांबला की दोन्ही बाजूंचा दाब सारखा व्हायला वेळ मिळतो. बऱ्याच एसीत आणि फेज मॉनिटरमध्ये ही सोय असते, फक्त ती चालू आहे का ते बघायचं.

• सर्ज प्रोटेक्शन डिव्हाइस, म्हणजे एसपीडी: हा झटका अर्थिंगकडे वळवतो. त्यामुळे अर्थिंग खराब असेल तर त्याचा फारसा उपयोग नाही. याच्या वायरी गुंडाळून न ठेवता शक्य तितक्या आखूड ठेवा, सगळ्या मिळून अर्ध्या मीटरच्या आत. त्यावर छोटी खिडकी असते. हिरवा रंग जाऊन लाल दिसला की तो संपला, बदला.

प्रिव्हेंटर घेताना दोन गोष्टी बघा

पहिली, त्याची मर्यादा. शेतातल्या पंपासाठी मिळणारे बरेच साधे प्रिव्हेंटर फेजमधला फरक ४० व्होल्टच्या आसपास गेला की बंद करतात. वरच्या उदाहरणात सगळ्यात मोठा फरक २२ व्होल्ट होता. म्हणजे असा प्रिव्हेंटर गप्प बसला असता. कॉम्प्रेसरसाठी असमतोलाची मर्यादा टक्क्यांत ठरवता येणारा मॉनिटर घ्या.

दुसरी, तो बघतो काय? नुसतं व्होल्टेज बघणारा प्रिव्हेंटर त्याच्या पुढच्या भागातला बिघाड पकडू शकत नाही. कॉन्टॅक्टरचाच एक संपर्क जळाला तर मागे तिन्ही फेज व्यवस्थित दिसतात. शिवाय चालू मोटर गेलेल्या फेजवर स्वतःच थोडं व्होल्टेज तयार करते, त्यामुळे साधा प्रिव्हेंटर चकतो. मोठ्या युनिटसाठी करंट बघणारं संरक्षण असणं म्हणूनच चांगलं.

आणि एक कळकळीची विनंती. ओव्हरलोड रिले वारंवार ट्रिप होतोय म्हणून त्याची चकती पुढे सरकवू नका. किंवा "सीझन संपेपर्यंत बायपास करून टाक," असं मेकॅनिकला सांगू नका. रिले त्रास देत नसतो, तो निरोप देत असतो.

जनरेटर असेल तर

जनरेटरवर आणि महावितरणच्या लाईटवर, दोन्हीकडे फेजचा क्रम एकच आहे का ते तपासून घ्या. फक्त जनरेटरवर एसी उलटा चालत असेल तर वायरी जनरेटरच्या बाजूला बदलायच्या. एसीच्या बाजूला बदलल्या तर लाईटवर उलटा चालेल. आणि सगळे एसी एकदम सुरू होऊ देऊ नका. प्रत्येकाचा टाइम डिले थोडा वेगळा ठेवला तर सुरुवातीच्या करंटनं जनरेटरचं व्होल्टेज बसणार नाही.

रात्री मेन बंद करताय?

वीज वाचवायची म्हणून अनेक ठिकाणी रात्री आउटडोअरचा मेन स्विचच बंद करतात. बऱ्याच मोठ्या युनिटमध्ये कॉम्प्रेसरच्या तळाशी एक छोटा हीटर असतो. तो तेल गरम ठेवतो, म्हणजे गॅस द्रवरूपात तेलात मिसळत नाही. मेन बंद केला की हीटरही बंद. सकाळी कॉम्प्रेसर सुरू होताना तेल फेसाळतं आणि वंगण नीट मिळत नाही. म्हणून रात्री रिमोटनं किंवा थर्मोस्टॅटवरून बंद करा, मेन चालू राहू द्या. लाईट बराच काळ गेली असेल किंवा सीझनच्या सुरुवातीला एसी पहिल्यांदा चालू करणार असाल, तर मॅन्युअलमध्ये दिलेल्या वेळेआधी मेन चालू करून ठेवा. व्हीआरएफला ही वेळ साधारण ६ तास किंवा त्याहून जास्त असते.

दोष लाईटचा की आपल्या वायरिंगचा?

परवानाधारक वायरमनकडून तीन ठिकाणी व्होल्टेज मोजून घ्या: मीटरजवळ, पॅनेलमध्ये आणि आउटडोअर युनिटच्या टर्मिनलवर, तेही एसी पूर्ण लोडवर चालू असताना. मीटरजवळ ४०८ आणि युनिटजवळ ३८५ असेल, तर २३ व्होल्ट तुमच्या इमारतीतच हरवले. केबल बारीक आहे किंवा जोड सैल आहेत. इथे स्टॅबिलायझर घेण्यात अर्थ नाही, आधी केबल आणि लग बघा. मीटरजवळच व्होल्टेज कमी असेल तर आकडे आणि वेळा लिहून महावितरणकडे लेखी तक्रार करा. १९५६ च्या वीज नियमांपासून लघुदाब पुरवठ्यासाठी ६ टक्क्यांपर्यंतच चढउतार मान्य धरला गेला आहे.

जळालेली ब्लोअर किंवा फॅनची मोटर रिवाइंडिंगला गेली, तर कारागिराला जुनं वाइंडिंग दाखवायला सांगा. तिन्ही फेज सारखे काळे असतील तर ओव्हरलोड किंवा कमी व्होल्टेजची शंका घ्या. एक किंवा दोन फेज काळे आणि बाकीचे नव्यासारखे असतील तर एक फेज गेला होता. कारण न शोधता मोटर बदलली तर नवीही त्याच वाटेनं जाते.

खर्च कोणत्या क्रमानं करायचा?

आधी फुकटातलं किंवा स्वस्तातलं: जोड घट्ट करणं, लोड वाटणं, अर्थिंग तपासणं. मग टाइम डिलेसह चांगला फेज मॉनिटर. त्यानंतर एसपीडी. आणि मोजमापातून खरंच गरज दिसली तरच सर्वो स्टॅबिलायझर. बहुतेक लोक हा क्रम नेमका उलटा करतात, कारण सर्वो दिसायला मोठा असतो. वॉरंटी कार्डही एकदा नीट वाचा. मर्यादेबाहेरच्या व्होल्टेजमुळे झालेलं नुकसान बहुधा त्यात धरलेलं नसतं. कॉम्प्रेसर जळाला की तेल आम्लयुक्त होतं, पाइपलाइन साफ करावी लागते, ड्रायर बदलावा लागतो आणि ऐन सीझनमध्ये हॉल बंद राहतो. त्या बिलापुढे फेज मॉनिटरची किंमत किरकोळ आहे. म्हणून पुढच्या सर्व्हिसिंगला मेकॅनिक फिल्टर धुवायला येईल, तेव्हा त्याला तिन्ही फेजचे व्होल्टेज आणि करंट मोजून कार्डावर लिहायला सांगा. पाच मिनिटांचं काम आहे.