सालाखालची चौकट

रुपयाचे नाणे उजेडात तिरके धरून सालाच्या खाली पाहिले, तर बहुतेक वेळा एक बारीक खूण दिसते. कशावर चौकट, कशावर चांदणी, कशावर नुसते टिंब. अनेकांना ती नक्षी वाटते. काही जण खुणेचे नाणे दुर्मीळ म्हणून जपून ठेवतात, तर ज्यावर काहीच नाही ते खोटे असावे अशी शंका घेतात.

तसे काही नाही. ही टांकसाळीची खूण. संग्राहक तिला 'मिंट मार्क' म्हणतात. चौकट मुंबईची, पाच टोकांची चांदणी हैदराबादची, गोल टिंब नोएडाचे. बिनखुणेचे चलनी नाणे कोलकात्याचे, आणि ते तितकेच खरे.

अर्थात साल आणि खूण जोडीनेच वाचावी लागतात. हैदराबादच्या जुन्या नाण्यांवर पोटात टिंब असलेली चौकटही सापडते. ती घाईत मुंबईच्या खात्यावर मांडली जाते. 1985 च्या काही रुपयांवर इंग्रजी 'एच' आहे. तो हैदराबादचा नव्हे, बर्मिंगहॅमच्या हीटन टांकसाळीचा! त्या काळात भारताने काही नाणी परदेशातून पाडून घेतली होती.

खुणेमागचे कारण रोखठोक आहे. नाण्याचे वजन कमी भरले किंवा धातूत खोट निघाली, तर जाब कोणाला विचारायचा हे तिच्यावरून कळते. आपल्याकडे ही पद्धत इंग्रजांनी आणली, हाही गैरसमजच. मोगल नाण्यांवर टांकसाळीच्या गावाचे नाव असे. पेशवाईतल्या पुण्याच्या अंकुशी रुपयावर फार्सीत शाह आलम बादशहाचे नाव आहे, म्हणून तो सहज मोगली ठरवला जातो. पण त्या अक्षरांच्या गर्दीतच हत्ती आवरायचा छोटा अंकुश कोरलेला असतो, आणि तो सांगतो की हे नाणे मराठ्यांचे. रुपयाला नावही त्या खुणेवरूनच मिळाले.

वैष्णोदेवीचे पाच-दहा रुपयांचे नाणे लाखोंना विकले जाते, ही अफवा मात्र लोकांना खड्ड्यात घालते. जुन्या नाण्यांच्या खरेदी-विक्रीच्या नावाखाली शुल्क उकळणाऱ्यांपासून सावध राहा, असे रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2021 मध्ये बजावले होते.

दहाच्या नाण्याबाबतही तोच गोंधळ. रुपयाचे चिन्ह नसलेले नाणे दुकानदार परत करतात. ते चिन्ह 2010 मध्ये ठरले आणि 2011 पासून नाण्यांवर आले. त्याआधीच्या नाण्यावर ते असेल कुठून? जानेवारी 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने दहाच्या नाण्याचे तोवरचे 14 नमुने वैध असल्याचे स्पष्ट केले आहे.