खनिजाचे उत्पन्न आणि क्रीडाव्यय : चिखल्याच्या अनुषंगाने

अमेरिकेतील मोठ्या विद्यापीठांत फुटबॉल हा खेळ तिकिटे, दूरचित्रवाणीचे हक्क व देणग्या यांच्या बळावर इतर खेळांचाही भार वाहतो. लहान संस्थांत मात्र तूट विद्यार्थ्यांच्या शुल्कातून आणि संस्थेच्या तिजोरीतून भरून काढावी लागते. शिकागो विद्यापीठाने तर १९३९ मध्ये आपला संघच विसर्जित केला. आपल्या महाविद्यालयांना प्रेक्षकांचे उत्पन्न जवळजवळ नाहीच. येथे प्रवासभत्ता, गणवेश व साहित्य यांचा बोजा बहुतांशी क्रीडाशुल्कावर पडतो. विद्यार्थिसंख्या कमी, तेथे निधीही तोकडा.

भंडारा जिल्ह्यातील चिखला या खाणगावी दुसरा एक स्रोत संभवतो, तो म्हणजे भूमीतील मँगनीज. ब्रिटिश कंपनीकडून १९६२ मध्ये केंद्र व राज्य सरकारांच्या भागीदारीतील कंपनीकडे आणि १९७७ पासून पूर्णतः सार्वजनिक क्षेत्राकडे आलेल्या खाणींपैकी ही एक होय. आजची मॉइल ती हीच.

या स्रोताचे दोन प्रवाह आहेत. २०१३ च्या कंपनी कायद्यान्वये पात्र कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याचे किमान दोन टक्के सामाजिक कार्यावर खर्चावयाचे असतात. ग्रामीण व ऑलिंपिक खेळांचे प्रशिक्षण त्यात बसते. मात्र केवळ कर्मचाऱ्यांच्या हिताचा खर्च यात गणला जात नाही. म्हणजे कामगारवसाहतीचे मैदान हा कंपनीचा कल्याणखर्च आणि गावाचे मैदान हे सामाजिक दायित्व! चिखल्यासारख्या ठिकाणी, जेथे कामगार व गावकरी वेगळे काढणे कठीण, तेथे हा भेद कागदावरच स्वच्छ दिसतो.

दुसरा प्रवाह २०१५ मध्ये निर्माण झालेल्या जिल्हा खनिज प्रतिष्ठानाचा. १२ जानेवारी २०१५ पूर्वीच्या खाणपट्ट्यांवर स्वामित्वधनाच्या ३० टक्के रक्कम त्यात जाते. मँगनीजचे स्वामित्वधन सरासरी विक्रीमूल्याच्या ५ टक्के आहे. तेव्हा टनाला १०,००० रुपये भाव धरल्यास स्वामित्वधन ५०० रुपये आणि प्रतिष्ठानाचा वाटा १५० रुपये. योजनेच्या शिक्षणविषयक बाबींत क्रीडासुविधांचा अंतर्भाव आहे, परंतु पाणी व आरोग्य यांच्याशी तिला स्पर्धा करावी लागते, आणि ते योग्यही आहे.

खरी अडचण खर्चाच्या स्वरूपात आहे. मैदान एकदा बांधून होते. प्रशिक्षकाचे वेतन दरमहा द्यावे लागते. दोन्ही प्रवाह मात्र धातुकाच्या भावाबरोबर चढतात-उतरतात. नफ्याची तीन वर्षांची सरासरी हा चढउतार थोडा सौम्य करते, एवढेच. म्हणून मिळालेल्या पैशातून बांधकामच करण्याकडे संस्थांचा कल होतो, आणि गवताने भरलेले मैदान विनाप्रशिक्षक पडून राहते.

तेजीच्या वर्षी रक्कम राखून व्याजातून वेतन द्यावे, हा उपाय सहज सुचतो. पण २०२१ च्या दुरुस्तीनंतर एखाद्या संस्थेच्या स्थायी निधीस दिलेली देणगी सामाजिक दायित्वाचा खर्च म्हणून ग्राह्य धरली जात नाही, आणि चालू प्रकल्पाची शिल्लकही तीन वर्षांत संपवावी लागते. खनिज प्रतिष्ठानास स्थायी निधी ठेवण्याची मुभा आहे. तिचा उद्देश शाश्वत उपजीविका हा होय. तालुक्यातील महाविद्यालयात क्रीडाशिक्षक नेमणे त्या उद्देशात बसते काय, याचा निर्णय जिल्हा पातळीवरच व्हावा लागेल.