दोन दिवे, एक नकाशा

घरगुती वापराचा व्हिडिओ कॅमेरा, एक लॅपटॉप, दोन दिवे आणि पाठीमागे भिंतीवर जगाचा नकाशा. ‘रॉकेटबूम’चं सगळं बिऱ्हाड एवढंच. २६ ऑक्टोबर २००४ रोजी न्यूयॉर्कमध्ये हे रोजचं इंटरनेट बातमीपत्र सुरू झालं, तेव्हा यूट्यूबवर पहिला व्हिडिओ यायला अजून सहा महिने होते.

चालवणारे अँड्र्यू बॅरन पार्सन्स या डिझाइनच्या संस्थेत शिकवत. निवेदिका हवी म्हणून त्यांनी क्रेगलिस्ट या छोट्या जाहिरातींच्या संकेतस्थळावर जाहिरात दिली आणि अमांडा कॉंग्डन ही तरुण अभिनेत्री मिळाली. सोमवार ते शुक्रवार, रोज तीन मिनिटं. अमांडा टेबलामागे बसायच्या त्या थेट टीव्हीवरच्या वृत्तनिवेदिकेसारखी. बातम्या मात्र इंटरनेटवर कोण काय नवीन करतंय त्याच्या. वाक्य संपतं न संपतं तोच कट, मधेच उंचावलेली भुवई, क्षणभर कॅमेऱ्याकडे रोखलेली नजर आणि लगेच पुढची बातमी. आज मोबाइलवर जो तो याच चालीत बोलतो. तेव्हा ती चाल घडत होती.

रॉकेटबूम पहिलं नव्हे. ॲडम कॉन्ट्रास यांनी ओहायोहून लॉस एंजेलिसला बिऱ्हाड हलवताना २ जानेवारी २००० रोजीच आपल्या ब्लॉगला व्हिडिओ जोडला होता. बोस्टनच्या स्टीव्ह गारफिल्ड यांनी १ जानेवारी २००४ ला व्हिडिओ ब्लॉग सुरू केला. पुढे ते रॉकेटबूमसाठी बोस्टनहून बातम्या पाठवू लागले. जानेवारी २००५ मध्ये व्हिडिओ ब्लॉग करणारी मंडळी न्यूयॉर्कमध्ये ‘व्लॉगरकॉन’ या संमेलनाला एकत्र जमली.

या सगळ्यांचा जीव खरा अडकला होता तो पोहोचवण्यात. व्हिडिओ आपल्या सर्व्हरवर ठेवायचा, आपल्याच पत्त्यावर. नव्या मजकुराची खबर आपोआप पोहोचवणारी फीड म्हणजे आरएसएस; डेव्ह वायनर यांनी २००० साली तिच्यात फाइल जोडण्याची सोय केली होती. त्या फीडचं सदस्यत्व घेतलं की नवा भाग आपोआप प्रेक्षकाच्या संगणकावर उतरायचा. कुठलं चॅनल नाही, कुणाची परवानगी नाही. मला या सगळ्या कहाणीत सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट: करणारा आणि पाहणारा यांच्यामध्ये कुणीच उभं नव्हतं.

पण ही मोकळीक फुकट नव्हती. पाहणारे वाढले की सर्व्हरवरून जाणारा डेटा वाढायचा आणि त्याचं बिल करणाऱ्याच्या नावावर यायचं. म्हणून चित्राची चौकट ३२० बाय २४० एवढी चिमुकली ठेवायची, फाइल दाबून दाबून लहान करायची. इंटरनेट आर्काइव्हने फुकट जागा दिली, २००५ मध्ये ब्लिप टीव्ही हे व्हिडिओ ठेवण्याचं संकेतस्थळ आलं, ऑक्टोबरमध्ये व्हिडिओ दाखवणारा आयपॉड निघाला. यूट्यूबने मात्र ते बिलच स्वतःच्या अंगावर घेतलं. फाइल उतरवायची वाट पाहायला नको, आपल्या संगणकावर ती चालेल का ही धाकधूक नको; पानावरच बटण दाबलं की चित्र सुरू. लोक तिकडे वळले यात नवल नाही. बदल्यात पत्ता यूट्यूबचा झाला. ऑक्टोबर २००६ मध्ये गुगलने ती कंपनी १६५ कोटी डॉलरना घेण्याचा करार केला.

त्याच वर्षी फेब्रुवारीत बॅरन यांनी एका आठवड्याच्या जाहिरातींचा ईबेवर लिलाव केला होता. बोली गेली ४०,००० डॉलरवर. दोन दिवे आणि एका नकाशाच्या जोरावर! जुलैमध्ये अमांडा बाहेर पडल्या. रॉकेटबूममध्ये बॅरन यांचा वाटा ५१ टक्के, अमांडा यांचा ४९. दोघांमधला वाद चारचौघांत आला. अमांडा यांच्या खुर्चीवर जोॲन कोलन आल्या आणि कार्यक्रम चालू राहिला. २००८ मध्ये त्यातूनच ‘नो युवर मीम’ हे सदर निघालं. इंटरनेटवरची एखादी गंमत कुठून उगवली आणि कशी पसरली, याचा छडा ते लावायचं. २०११ मध्ये चीझबर्गर या कंपनीने ते विकत घेतलं. एखादं मीम आलं कुठून, हे शोधणारे आजही तिथेच जातात.