खऱ्या कमाईचा जमाखर्च

शाळेच्या पटांगणात दोन बाके जोडून, त्यांवर घरून आणलेली चादर अंथरून, ‘ताजी भेळ’ अशी खडूने लिहिलेली पाटी टेकवून ठेवली, म्हणजे अकरा-बारा वर्षांच्या मुलाच्या अंतःकरणात प्रतिष्ठेचा जो अपूर्व भाव उदय पावतो, तो पुढे मोठी पेढी उघडणाऱ्यालाही पुन्हा लाभत असेल असे मला वाटत नाही. स्काउट-गाइडचे पथक असलेल्या आपल्याकडील अनेक शाळांत हा प्रसंग येतो, आणि त्याला ‘खरी कमाई’ असे भारदस्त नाव आहे. मुलांनी स्वतः कष्ट करून, एखादी वस्तू विकून वा कुणाचे काम करून, चार पैसे मिळवावेत आणि ते पथकाच्या खर्चाला किंवा सेवाकार्याला लावावेत, एवढाच तिचा अर्थ. परंतु त्यातील ‘खरी’ हे विशेषण वाटते तितके सोपे नाही.

बेडन-पॉवेल या इंग्रज सेनाधिकाऱ्याने 1907 च्या ऑगस्टमध्ये ब्राउनसी बेटावर वीसेक मुलांचे शिबिर भरवले आणि पुढच्याच वर्षी पुस्तक लिहून या चळवळीची नियमावली सिद्ध केली. तीत काटकसरीचा स्वतंत्र नियम होता: बेकारीच्या दिवसांत दुसऱ्यावर भार पडू नये आणि गरजूला देण्यास आपल्या गाठीशी काही असावे, यासाठी स्काउटाने पै-पैसा शिलकीत टाकावा. पण त्याच बेडन-पॉवेलचा असाही दंडक होता, की रोजच्या सत्कृत्याबद्दल स्काउटाने बक्षिसी म्हणून काहीही स्वीकारू नये. म्हणजे म्हातारीचे गाठोडे उचलून दिले तर हात मागे, आणि शेजाऱ्याची बाग खणून दिली तर हात पुढे! मोठी माणसे जन्मभर ज्या सीमारेषेवर घोटाळत राहतात, ती या चळवळीने मुलाच्या पुढ्यात आखून ठेवली आहे. कारण मोबदल्याचा करार आधी करावा लागतो, आणि सेवेचा कधीच करायचा नसतो.

1949 साली ब्रिटनमधील स्काउटांनी ‘बॉब-अ-जॉब’ सप्ताह सुरू केला. बॉब म्हणजे बोलीभाषेतला शिलिंग. मुले ईस्टरच्या सुमारास घरोघर जाऊन बूट पुसणे, गवत कापणे अशी कामे मागत, आणि केलेले काम व मिळालेली रक्कम यांची नोंद जवळच्या कार्डावर होत असे. आपल्याकडे, 7 नोव्हेंबर 1950 रोजी निरनिराळ्या संघटनांच्या एकीकरणातून ‘भारत स्काउट्स आणि गाइड्स’ ही संस्था अस्तित्वात आली. तिच्या पथकांत ‘खरी कमाई’ रुजली, आणि महाराष्ट्रात येता येता तिला भेळेचा वास लागला.

आमच्या पथकाच्या त्या दुकानाचा गल्ला 64 रुपये झाला होता. गल्ला म्हणजेच नफा अशी आमची प्रामाणिक समजूत असल्याने आम्ही जयघोष करीतच वर्गात शिरलो. सरांनी फळ्यावर उभी रेघ ओढली, डावीकडे जमा लिहिले, उजवीकडे खर्च. कुरमुरे, फरसाण आणि शेव यांचे 38 रुपये आम्ही मुकाट्याने सांगितले. त्यात पिण्याच्या पाण्याच्या पिंपाशेजारी तोंड उघडे टाकल्याने सादळून गेलेली कुरमुऱ्यांची एक पिशवीही होती, आणि ती खर्चातून वगळावी ही आमची विनंती नामंजूर झाली.

“कांदे कुणाचे?” सरांनी विचारले.

“घरचेच होते, सर.”

“घरी शेत आहे का तुझं?”

शेत नव्हते. कांदे, चिंच आणि गूळ यांचे 11 रुपये उजवीकडे चढले. आठवीतल्या दोघांनी उधारीवर खाल्लेले 6 रुपये ‘येणे’ या सदरात पडले आणि, आज सांगायला हरकत नाही, ते तिथेच राहिले. शेवटी सरांनी ‘चटणी वाटण्याची मजुरी’ असे लिहिले, आमच्याकडे पाहिले, आणि तो रकाना कोराच ठेवला. शिल्लक 15 रुपये उरली. पण त्या कोऱ्या रकान्यामुळे ती पूर्णपणे आपली आहे असे त्या दिवशी कुणालाच म्हणवले नाही.

अलीकडे पुष्कळ ठिकाणी पालकच रात्रभर जागून पदार्थ तयार करतात, सकाळी डब्यांसह हजर होतात आणि आपल्याच मुलाकडून दुप्पट दराने विकतही घेतात. हा कौतुकाचा सोहळा आहे, कमाई नव्हे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्याच्या वसतिगृहात मुलांना शेतात राबवले आणि ‘कमवा व शिका’ या मार्गाने त्यांच्या शिक्षणाचा भार त्यांच्याच खांद्यावर दिला, तेव्हा त्या मुलांना गरिबीमुळे दुसरा पर्यायच नव्हता हे खरे. तथापि आपण पिकवलेल्या भाकरीची किंमत त्यांना कुणी फळ्यावर मांडून दाखवावी लागली नसेल.

तेव्हा उद्या एखादा स्काउट गळ्यात स्कार्फ अडकवून आपल्या दारात उभा राहिला, तर कृपा करून त्याच्या हातावर नुसती नोट ठेवू नका. सायकल पुसायला सांगा, दर आधी ठरवा, आणि आऱ्यांमध्ये चिखल राहिला असेल तर तो दाखवून पुन्हा पुसून घ्या. मग ठरलेलेच पैसे द्या, एक रुपया कमी नको आणि कौतुकाने एक जास्तही नको.